गाळाचे खडक: कसे तयार होतात, प्रकार कोणते आणि ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वालुकाश्म, पंकाश्म, चुनखडक, कोळसा ही यादी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते आणि परीक्षा संपली की सगळेच ती विसरतात. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. यादीतल्या प्रत्येक नावामागे काय घडले होते हे कुणी सांगितलेच नाही, तर नाव डोक्यात राहील कसे? खालची उत्तरे त्यामुळे नावांपेक्षा घडामोडींकडे जास्त झुकलेली आहेत. काही दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागते.

गाळाचा खडक म्हणजे नेमके काय?

आधीच्या खडकांची झीज होऊन सुटलेले कण, पाण्यात विरघळलेले क्षार किंवा सजीवांचे अवशेष कुठेतरी साचतात, त्यांच्यावर आणखी गाळ येऊन पडतो आणि कालांतराने तो ढीग घट्ट होऊन दगड बनतो. पुस्तकांत त्याला स्तरित खडक किंवा अवसादी खडक असेही म्हणतात.

अग्निज खडक शिलारस थिजून होतात. रूपांतरित खडक प्रचंड दाब आणि उष्णता सोसून होतात. गाळाचा खडक मात्र भूपृष्ठावर किंवा त्याच्या थोडे खाली, त्या मानाने बेताच्या तापमानाला तयार होतो. त्यामुळेच त्याच्यात प्रवाहाच्या, पावसाच्या, प्राण्यांच्या पावलांच्या खुणा टिकू शकतात.

पृथ्वीवर हे खडक किती आहेत?

जमिनीचा सुमारे ७५ टक्के पृष्ठभाग गाळाच्या खडकांनी झाकलेला आहे. पण संपूर्ण भूकवचाच्या आकारमानात त्यांचा वाटा जेमतेम ५ ते ८ टक्के. म्हणजे पसारा मोठा, जाडी कमी. खाली खोल गेलो की अग्निज आणि रूपांतरित खडकच लागतात.

भक्कम खडकाचा गाळ होतो तरी कसा?

विदारणाने. त्याचे दोन मार्ग आहेत आणि बहुतेक वेळा ते एकत्रच चालतात.

पहिला मार्ग मोडतोडीचा. भेगेत शिरलेले पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि भेग रुंदावते. झाडांची मुळे हेच काम सावकाश करतात. किनाऱ्यावर आणि वाळवंटात मिठाचे स्फटिक छिद्रांत वाढून खडक भुसभुशीत करतात.

दुसरा मार्ग रासायनिक, आणि पुढे कोणता खडक बनणार हे मुख्यत्वे इथे ठरते. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. बरीच वर्षे ऊनपावसात पडलेला ग्रॅनाइटचा तुकडा हातात घेऊन चोळला, तर कडेचे दाणे बोटांतून गळतात. ते तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिले तर त्यातले काचेसारखे, करडट, टोकदार कण दिसतात. ते क्वॉर्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. तिला काहीही झालेले नसते. बाजूचे पांढरट, निस्तेज, नखाने उकरता येणारे कण म्हणजे एकेकाळचे चकचकीत फेल्स्पार. त्यांची चिकणमाती होऊ लागलेली असते. काळ्या अभ्रकाच्या पापुद्र्यांभोवती गंजाचा तांबूस डाग पडलेला असतो.

या एका चिमटीत पुढचे बरेचसे गाळाचे खडक बीजरूपात आहेत. क्वॉर्ट्झ वाळूत जाईल, फेल्स्पारची माती चिखलात जाईल आणि विरघळलेले कॅल्शियम, सोडियम, सिलिका (क्वॉर्ट्झ ज्याचे बनते ते द्रव्य) नदीच्या पाण्यातून समुद्राला मिळतील. पहिल्याचा वालुकाश्म होईल, दुसऱ्याचे पंकाश्म, तिसऱ्यापासून चुनखडक, मीठ आणि चर्ट हा सिलिकेचा कठीण दगड.

वाहत जाताना कणांमध्ये काय फरक पडतो?

ते एकमेकांवर आपटून गोल होतात, आणि आकारानुसार वेगळे होतात. मोठे गोटे नदीत काही दहा किलोमीटर गेले तरी कोपरे गमावतात. वाळूच्या कणांना त्याहून फार जास्त वेळ लागतो, कारण हलक्या कणांची टक्कर पाण्यात मऊ होते. वाऱ्यावर उडणारी वाळू मात्र पाण्यातल्यापेक्षा लवकर गोल होते, कारण हवेत टकरीचा जोर कमी करायला काही नसते.

निवडण्याच्या कामात वारा सगळ्यात काटेकोर आहे. वाळूच्या टेकडीवरचे कण जवळपास एकाच मापाचे निघतात. लाटाही चांगले निवडतात. हिमनदी काहीच निवडत नाही: घराएवढ्या शिळेपासून पिठासारख्या भुकटीपर्यंत सगळे एकत्र वाहून आणते आणि बर्फ वितळला की तिथेच टाकते. म्हणून खडकात सरमिसळ किती आहे हे पाहिले की वाहक कोण असावा याचा पहिला अंदाज बांधता येतो.

जड कण आधी बसतात आणि हलके नंतर, एवढेच ना?

बसताना तसेच. उचलताना मात्र नाही. स्वीडिश भूगोलज्ञ फिलिप युल्स्ट्रॉम यांनी १९३५ साली प्रवाहाचा वेग आणि कणांचा आकार यांचा आलेख मांडला. त्यात दिसते की सगळ्यात सहज उचलली जाते ती वाळू. चिकणमातीचे कण तिच्याहून कितीतरी बारीक असूनही एकदा बसले की एकमेकांना धरून राहतात आणि त्यांना पुन्हा हलवायला जास्त वेगाचे पाणी लागते.

सुट्या गाळाचा दगड कसा होतो?

या प्रक्रियेला शिलीभवन म्हणतात. तिची दोन मुख्य अंगे आहेत, आणि पाठ्यपुस्तके बहुधा पहिल्यालाच फार महत्त्व देतात.

पहिले अंग दबण्याचे. ताज्या चिखलात ७० टक्के किंवा त्याहूनही जास्त जागा पाण्याची असू शकते. वर शेकडो मीटर गाळ साचला की ते पाणी पिळून बाहेर जाते आणि चिकणमातीचे चपटे कण एकमेकांवर आडवे निजतात. चिखलासाठी एवढे जवळजवळ पुरते.

वाळूला ते पुरत नाही. ताज्या वाळूत पोकळी साधारण ४० टक्के असते आणि कण गोल व कणखर असल्याने नुसत्या दाबाने ती फारशी मिटत नाही. तिथे दुसरे अंग कामाला येते: सांधणारे द्रव्य. कणांमधल्या जागेतून भूजल फिरत असते. त्यात विरघळलेले कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज), सिलिका किंवा लोहाचे ऑक्साइड कणांच्या कडांवर थोडे थोडे साचत जाते आणि शेवटी कण सांधले जातात. वालुकाश्मात लोक कणांकडे पाहतात. माझ्या मते कणांच्या मधले पाहायला हवे. सिलिकेने सांधलेला वालुकाश्म हातोड्याला दाद देत नाही. तीच वाळू कॅल्साइटने सांधली असेल तर पावसातल्या आम्लाने हळूहळू सुटू लागते.

साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेले की मामला रूपांतरित खडकांच्या प्रांतात जातो. तिथे पंकाश्माची स्लेट होते, वालुकाश्माचा क्वॉर्ट्झाइट, चुनखडकाचा संगमरवर.

याला लाखो वर्षे लागतातच का?

नाही. उष्ण कटिबंधातल्या काही किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू कॅल्शियम कार्बोनेटने काही दशकांतच सांधली जाते. अशा दगडात काचेच्या बाटल्या आणि दुसऱ्या महायुद्धातले लोखंडी तुकडे अडकलेले सापडले आहेत. उलट, योग्य पाणी आणि पुरेसे दडपण न मिळाल्याने कोट्यवधी वर्षे सुटी राहिलेली वाळूही आहे. वयावरून कणखरपणा ठरत नाही.

मुख्य प्रकार किती?

रूढ वर्गीकरण तीन गटांचे: कणजन्य, रासायनिक आणि जैविक. सोय म्हणून ते ठीक आहे. पण निसर्ग या चौकटी पाळत नाही. शिंपल्यांच्या चुऱ्याचा चुनखडक घ्या. शिंपले प्राण्यांनी बनवले म्हणून तो जैविक. लाटांनी फोडून, वाहून, निवडून टाकले म्हणून कणजन्य. आणि कॅल्साइटने सांधला म्हणून थोडा रासायनिकही. परीक्षेत एक उत्तर लिहावे लागते हे खरे, पण तिन्ही उत्तरे बरोबर आहेत.

कणजन्य खडकांची विभागणी कशी करतात?

कणांच्या मापावर. अमेरिकी भूवैज्ञानिक चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये पक्की केलेली मापपट्टी आजही चालते. २ मिलिमीटरहून मोठे ते गोटे आणि खडे. २ मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या सोळाव्या भागापर्यंत वाळू. त्याखाली मिलिमीटरच्या २५६व्या भागापर्यंत सिल्ट. त्याहून बारीक ती चिकणमाती.

गोट्यांचा खडक दोन तऱ्हांचा: गोटे गोल असतील तर पिंडाश्म, टोकदार असतील तर कोनाश्म. कोनाश्मातले तुकडे फार लांबून आलेले नसतात. बहुधा कड्याच्या पायथ्याशीच पडून सांधले गेलेले असतात. वाळूचा वालुकाश्म. सिल्ट आणि चिकणमातीचे पंकाश्म. त्यातले पातळ पापुद्र्यांनी सुटणारे ते शेल.

सिल्ट आणि चिकणमातीतला फरक डोळ्यांना दिसत नाही. प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम करणारे भूवैज्ञानिक त्यासाठी दगडाचा कण पुढच्या दातांमध्ये धरून घासतात. करकर लागली तर सिल्ट, गुळगुळीत लागले तर चिकणमाती. प्रयोगशाळेत नाक मुरडले जाईल, पण ही युक्ती चालते.

सगळे वालुकाश्म सारखेच असतात का?

मुळीच नाही. ज्यात जवळजवळ निव्वळ क्वॉर्ट्झ आहे तो वालुकाश्म दीर्घ प्रवासाचा आणि वारंवार धुतल्याचा पुरावा असतो. नाजूक खनिजे वाटेतच संपलेली असतात. ज्यात फेल्स्पार भरपूर आहे त्याला अर्कोज म्हणतात. फेल्स्पार चिकणमाती व्हायच्या आधीच गाडला गेला, म्हणजे डोंगर जवळ होता, झीज झपाट्याने झाली किंवा हवा कोरडी होती. ऑस्ट्रेलियातला प्रसिद्ध उलुरू हा अर्कोजचाच आहे. तिसरा ग्रेवॅक: गडद, कठीण, वाळूत चिखल आणि खडकांचे तुकडे मिसळलेला.

पंकाश्मे एवढी कमी का दिसतात?

प्रत्यक्षात गाळाच्या खडकांत निम्म्याहून अधिक तीच आहेत. ती लवकर झिजतात, त्यांच्या जागी उतार आणि झाडी तयार होते, आणि कडे उभे राहतात ते वालुकाश्माचे नि चुनखडकाचे. फोटो कड्यांचे काढले जातात.

चुनखडक कसा बनतो?

हा सगळ्यात श्रीमंत विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असते. प्रवाळ, शिंपलेवाले प्राणी, फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव आणि काही शैवाले त्यापासून कॅल्शियम कार्बोनेटचे कवच किंवा सांगाडा बनवतात. ते मेल्यावर हा माल तळावर साचतो. उथळ, उबदार, स्वच्छ समुद्रात हे काम जोरात चालते. नदीचा चिखल येत असेल तर मंदावते, कारण प्रवाळांना आणि शैवालांना गढूळ पाणी मानवत नाही.

इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे पाहा. उंची १०० मीटरच्या आसपास, आणि ते बनले आहेत कॉक्कोलिथांपासून, म्हणजे तरंगत्या एकपेशीय शैवालांच्या चकत्यांपासून. एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात, १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, हा चॉक, म्हणजे मऊ पांढरा चुनखडक, साचत होता.

दुसरे टोक एव्हरेस्टचे. ८,८४९ मीटर उंचीच्या त्या शिखराचा माथा ऑर्डोव्हिशियन काळातल्या, ४५ कोटी वर्षांहून जुन्या सागरी चुनखडकाचा आहे. त्यात ट्रायलोबाइट आणि क्रिनॉइड या समुद्री प्राण्यांचे तुकडे सापडतात. समुद्र तिथपर्यंत चढला नव्हता. समुद्राचा तळ दोन भूपट्टांच्या टकरीत वर गेला.

जिवांच्या मदतीशिवायही चुनखडक होतो. उन्हाळ्या म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटला की कार्बोनेट खाली बसते आणि ट्रॅव्हर्टाइन तयार होते. गुहांतले लवणस्तंभ याच तत्त्वावर वाढतात. उथळ, लाटांनी ढवळलेल्या पाण्यात एखाद्या बारीक कणाभोवती कार्बोनेटची पुटे चढून गोल दाणे तयार होतात. त्यांना ऊइड म्हणतात.

समुद्र फार खोल असेल तर मात्र चुनखडक बनत नाही. साधारण ४ ते ५ किलोमीटर खोलीखाली पाणी थंड, दाबाखालचे आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेले असल्याने वरून पडणारी कवचे विरघळून जातात. तिथे उरते ती तांबूस चिकणमाती, आणि तीही हजार वर्षांत मिलिमीटरभर अशा गतीने साचते.

डोलोमाइट म्हणजे चुनखडकच ना?

जवळचा नातेवाईक. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. गंमत अशी की प्राचीन थरांत डोलोमाइट मुबलक आहे, पण आजच्या समुद्रांत तो क्वचितच तयार होताना दिसतो. बराचसा डोलोमाइट आधीच्या चुनखडकातून मॅग्नेशियमयुक्त पाणी फिरून झाला असावा, असे मानले जाते.

मिठाचे थर नुसते समुद्र आटून होतात का?

समुद्राचे पाणी आटू लागले की ठराविक क्रमाने क्षार बाहेर पडतात. आधी थोडे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी मूळच्या पाचव्या हिश्श्यावर आले की जिप्सम. दहाव्या हिश्श्यावर आले की मीठ, म्हणजे सैंधव. अगदी शेवटी पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे क्षार.

पण ‘एकदा आटला आणि थर पडला’ हे उत्तर हिशेबात बसत नाही. भूमध्य समुद्राखाली सुमारे ५९.७ लाख ते ५३.३ लाख वर्षांपूर्वीचे मिठाचे थर आहेत, काही ठिकाणी दीड किलोमीटरहून जाड. या समुद्राची सरासरी खोली दीड किलोमीटरच्या आसपास. पाण्यात वजनाने साडेतीन टक्के क्षार धरले आणि मिठाची घनता पाण्याच्या सव्वादोन पट धरली, तर सगळा समुद्र एकदा आटून सरासरी २४ मीटर मीठ मिळेल. क्षार खोल खळग्यांत गोळा झाले असे मानले तरी दीड किलोमीटरची मजल फार दूर राहते. म्हणजे अटलांटिकचे पाणी सतत किंवा पुन्हा पुन्हा आत येत राहिले आणि आटत राहिले असले पाहिजे. नेमके कसे, यावर अजून वाद चालू आहेत. जाड मीठ दिसले की आटण्याबरोबर पुरवठाही शोधायचा, एवढे खरे.

कोळसा कोणत्या गटात?

जैविक. दलदलीत झाडपाला पडतो, पाण्याखाली प्राणवायू कमी असल्याने पूर्ण कुजत नाही आणि त्याचे पीट होते. त्यावर गाळाचे ओझे आणि उष्णता वाढत गेली की क्रमाने लिग्नाइट, बिट्युमिनस आणि अँथ्रासाइट. अँथ्रासाइटला काही जण रूपांतरित खडकांत धरतात.

चर्ट आणि पट्टेदार लोहखडक हेही गाळाचेच?

हो. चर्ट सिलिकेचा, बराचसा रेडिओलॅरिया आणि डायटम या सूक्ष्मजीवांच्या सांगाड्यांपासून झालेला. चकमकीचा दगड हा त्याचाच प्रकार, चॉकमध्ये गाठींच्या रूपात सापडणारा.

लोहखडकांची गोष्ट वेगळी आहे. प्राणवायू नसलेल्या प्राचीन समुद्रात लोह विरघळलेले राहू शकत असे. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंनी प्राणवायू सोडायला सुरुवात केल्यावर त्या लोहाचा गंज होऊन तळाशी बसला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. लोह आणि सिलिकेचे हे आलटून पालटून पट्टे सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात विशेष मोठ्या प्रमाणात साचले. जगातले बरेचसे लोहखनिज तिथूनच येते.

थर का पडतात?

काहीतरी बदलले म्हणून. प्रवाहाचा वेग, गाळाचा पुरवठा, पाण्याची खोली, ऋतू. काही वेळा बदल काही तासांचा असतो. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला समुद्राखाली भूकंप झाला आणि अटलांटिकच्या तळावरच्या, तारसंदेश नेणाऱ्या १२ वाहिन्या तुटल्या. काही लगेच, पण उतारावर खाली असलेल्या एकामागून एक, पुढच्या काही तासांत. १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस यूइंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला: भूकंपाने निसटलेला गाळ पाण्यात मिसळून गढूळ, जड लोट बनला आणि तळावरून ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावला. तारा तुटण्याच्या वेळांवरूनच वेग काढता आला.

असा लोट थांबला की जाड वाळू आधी बसते, तिच्यावर बारीक, सगळ्यात वर चिखल. खाली भरड आणि वर बारीक, असा हा थर टर्बिडाइट म्हणून ओळखला जातो. हाताच्या वितीएवढा तो थर एका दिवसाचा असू शकतो. त्याच्या वरचा बोटभर शांत चिखल हजारो वर्षांचा.

खालचा थर नेहमीच जुना असतो का?

डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलेला नियम तोच: थर उलथलेले नसतील तर खालचा जुना. पण पर्वतरांगांत ते उलथलेले असतात. तेव्हा वर कोणती बाजू होती हे थरातूनच शोधावे लागते. वाळलेल्या चिखलातल्या भेगा वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. टर्बिडाइटमध्ये भरड कण खालच्या बाजूला असतात. लाटांनी उमटवलेल्या वाळूच्या लहरींची टोके वर असतात. ही चिन्हे उलटी दिसली तर थर पालथा आहे.

मग थरांमध्ये सलग इतिहास मिळतो?

इथे बहुतेकांची कल्पना चुकते. थर म्हणजे पान न पान शाबूत असलेली नोंदवही, असे समजले जाते. वस्तुस्थिती अशी की बहुतेक ठिकाणी बहुतेक काळ काहीच साचत नाही, किंवा साचलेले पुन्हा खरवडून नेले जाते. काळ थरांपेक्षा थरांच्या मधल्या रेषांत जास्त असतो.

स्कॉटलंडमधल्या सिकार पॉइंटला हे उघड्या डोळ्यांनी दिसते. १७८८ मध्ये स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन होडीतून तिथे गेले. खाली ग्रेवॅकचे थर जवळजवळ उभे आहेत, सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्या कापलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलून पसरले आहेत, सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे. दोहोंमधल्या रेषेवर हात ठेवता येतो, आणि त्या रेषेत साडेसहा कोटी वर्षे आहेत. तेवढ्या काळात समुद्रतळ दुमडला, उचलला गेला, झिजून सपाट झाला. अशा रेषेला विसंगती म्हणतात.

भूवैज्ञानिक पीटर सॅडलर यांनी १९८१ मध्ये गाळ साचण्याच्या गतीच्या हजारो नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा दिसले की जितका लांब कालखंड मोजावा तितकी सरासरी गती कमी भरते. कारण हेच: लांब कालखंडात रिकाम्या जागा जास्त सापडतात. म्हणून आजच्या गतीने थराची जाडी भागून वय काढण्याचा मोह टाळावा.

वय मग कसे ठरवतात?

थेट ठरवणे अवघड असते. वालुकाश्मातल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांचे युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढता येते, पण ते वय त्या कणाचे, खडकाचे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या पिंडाश्मात ४४० कोटी वर्षांचे झिरकॉन आहेत. त्यातून एवढेच निश्चित होते की खडक त्याच्यातल्या सगळ्यात तरुण कणाहून जुना असू शकत नाही.

नेमकेपणा हवा असेल तर थरांमध्ये ज्वालामुखीची राख शोधतात. राखेतले झिरकॉन उद्रेकाच्या सुमारास तयार झालेले असल्याने तिचे वय हेच त्या थराचे वय. राख नसेल तर जीवाश्मांच्या क्रमावरून इतर ठिकाणच्या थरांशी मेळ घालतात.

रंगावरून काय कळते?

तांबडा रंग हेमाटाइट या लोहाच्या ऑक्साइडचा. बहुधा हवेचा संपर्क होता. काळा रंग न कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा किंवा बारीक पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचा. प्राणवायू कमी होता. हिरवट छटा ग्लॉकोनाइट या समुद्रात तयार होणाऱ्या खनिजामुळे येऊ शकते. मात्र रंग नंतरच्या भूजलानेही बदलतो, तेव्हा निकाल फक्त रंगावर देऊ नये.

हातातला दगड कसा ओळखायचा?

नाव आठवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: कण केवढे, कण कशाचे, आणि कशाने सांधलेले. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. दगड आधी फोडून ताजी बाजू पाहावी, बाहेरचा कळकट थर फसवतो.

कण दिसत नसतील तर सुरीने ओरखडा काढावा. चुनखडकावर ओरखडा उमटतो, चर्टवर उमटत नाही. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, हातमोजे आणि चष्मा घालून. चुनखडक लगेच फसफसतो. डोलोमाइट भुकटी केल्यावरच, तोही मंदपणे. वालुकाश्माच्या कणांमध्येच फसफस दिसली तर सांधणारे द्रव्य कॅल्साइट आहे.

जीवाश्म सगळ्याच गाळाच्या खडकांत असतात?

नाही. भरड पिंडाश्मात ते चिरडले जातात, मिठात क्वचित असतात. बारीक चिखल आणि चुना यांत सर्वात चांगले टिकतात.

उपयोग काय?

सिमेंट चुनखडक आणि चिकणमातीपासून बनते. भूजल वालुकाश्माच्या छिद्रांत साठते. खनिज तेल बहुधा सेंद्रिय द्रव्याने समृद्ध शेलमध्ये तयार होते, सच्छिद्र वालुकाश्मात किंवा चुनखडकात जमते आणि वर शेलचे किंवा मिठाचे झाकण असेल तरच तिथे टिकते. तिन्ही खडक गाळाचेच.

पृथ्वीबाहेर असे खडक आहेत?

मंगळावर आहेत. क्युरिऑसिटी ही बग्गी ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरली आणि काही आठवड्यांतच तिला पिंडाश्म दिसला, गोल गोट्यांसकट. त्यातले काही खडे वाऱ्याने हलण्याच्या मापाहून मोठे होते, म्हणजे ते पाण्यानेच लोळवले होते. खड्यांच्या मापावरून त्या प्रवाहाची खोली घोट्यापासून कमरेपर्यंत असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. २०१३ मध्ये बग्गीने त्याच विवरातल्या पंकाश्मात भोक पाडून नमुना घेतला. तो चिखल एका जुन्या सरोवराच्या तळाचा निघाला.